मेघावती आणि म्हशीवाले

"वरच्या कोपऱ्याला पाणी पोचलं नाही. तिथं चित्र विरल्यासारखं दिसेल," असं पुटपुटत श्रीपाद ओक घागर घेऊन पुन्हा शिडीवर चढला. माजिवड्याच्या देवळापुढच्या पटांगणात दोन बांबूंवर पांढरा पडदा ताणला होता. तो नीट भिजला नाही तर मागून सोडलेला उजेड पुढे बसलेल्या लोकांपर्यंत पोचत नसे. पडद्यामागे तिवईवर जादूचा कंदील मांडलेला होता आणि शेजारी रंगवलेल्या काचांची पेटी.

त्र्यंबकपंत बिवलकर देवळाच्या पायरीवर बसून ज्येष्ठमधाची कांडी चघळत होते. काचेवरची चित्रं मुकी. त्यांना वाचा द्यायचं काम पंतांचं. राजा तेच, राणी तेच, कपटी प्रधानही तेच. पन्नाशी उलटून गेली होती, घसा जुन्या बिजागरीसारखा करकरत होता, आणि खरं सांगायचं तर आता त्यांना या सगळ्याचाच शीण आला होता.

"रामराम पंत!" बाळकूमचा धाकू पटांगणात शिरता शिरताच ओरडला. काळाकभिन्न, हाडापेरानं मजबूत, मिठागरात राबून पायांना भेगा पडलेला माणूस. त्याच्यामागून बाळकूमची, कोलशेतची, खाडीपलीकडच्या कळव्याची अशी त्याची सगळी टोळी आली. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. काहींच्या ओच्यात तांदूळ बांधलेले होते. "आज म्हैस हाय ना?"

"आहे," पंत म्हणाले.

"मंग जालं! पोरीला ताप हाय तरी आयलूं."

"ताप आहे तर घरी ठेवायचीस की रे."

"ऱ्हाती व्हय घरी? म्हैस बगाची म्हनून रातभर रडली."

टोळी पुढची जागा धरून बसली. पंतांनी कांडी दाताखालून काढली आणि ते कंटाळून उठणार, इतक्यात पटांगणाच्या तोंडाशी एक बैलगाडी थांबली. गाडीतून आधी त्यांचे मेहुणे हरिहर उतरले. ते ठाण्याच्या कोर्टात नाझराच्या हाताखाली कारकून होते. मग त्यांची बायको विमलाबाई उतरली. आणि विमलाबाईंच्या हाताचा आधार घेत, डोक्यावरून पदर सारखा करीत, पंतांची बायको उत्तरा उतरली.

एवढ्या वर्षांत उत्तरानं हा खेळ कधी पाहिला नव्हता. "बायकांनी कशाला यायचं त्या गर्दीत?" असं म्हणून पंतांनी तो विषय दर वेळी मोडून काढला होता. आज ती माहेरी भावाकडे होती, आणि भावानं हौसेनं तिला आणलं होतं.

पंत तसेच पडद्यामागे गेले. श्रीपाद कंदिलात घासलेट ओतत होता.

"श्रीपाद, आज ते दुधाचं चित्र गाळू या."

श्रीपादनं मान वर केली. "पंत, शुद्धीवर आहात ना? लोक त्या एका चित्रासाठी खाडी ओलांडून येतात. ते गाळलं तर माझा पडदा राहील का जागेवर?"

"आमचं कुटुंब आलंय."

"मग चांगलंच की! वहिनींना कळू दे यजमानांचा लौकिक."

पंत पेटी उघडून काचा क्रमानं लावू लागले. सांगण्यासारखं खूप होतं, आणि त्यातलं एकही अक्षर श्रीपादला सांगण्यासारखं नव्हतं.

*

कल्याणात पंतांची स्वतःची शाळा होती. ओटीवर भरणारी, मुळाक्षरं आणि पाढे शिकवणारी. सरकारी शाळा उघडली तशी पोरं एकेक करून तिकडे गेली आणि ओटी रिकामी पडली. त्याच सुमारास श्रीपाद ओकानं मुंबईहून हा विलायती कंदील आणला. गोपीनाथ कर्णिक म्हणून एक चित्रकार होता. तो एरवी गणपती रंगवी, दुकानांच्या पाट्या रंगवी. त्यानं काचा रंगवायच्या आणि पंतांनी बोलायचं, असा तिघांचा बेत ठरला. पुराणातली आख्यानं उत्तम चालली. लोक येत, हात जोडून बघत आणि घरी जाऊन झोपत.

पण पंतांना स्वतःचं काही तरी रचायचं होतं. त्यांनी रचलं ते राणी मेघावतीचं आख्यान. राजा लढाईला समुद्रावर जातो. कपटी प्रधान राणीला रानात धाडतो. तिथं तिचं लेकरू तापानं जातं, आणि राजा परत येतो तेव्हा राणी ओळखू येण्यापलीकडे गेलेली असते. भाषा मोठी भरजरी होती. 'हे प्राणवल्लभे', 'हा दुर्दैवाचा वज्राघात', असं सगळं. फक्त एका जागी, लेकराच्या मरणाच्या जागी, पंतांची भाषा एकाएकी साधी झाली होती. कारण ते शब्द त्यांचे नव्हतेच.

त्यांची मुलगी सुमती सहा वर्षांची होऊन गेली होती. एका पावसाळ्यात तापानं फणफणली. शेवटच्या पहाटे तिनं दूध मागितलं. उत्तरा चुलीवर तापवून घेऊन आली, तोवर पोर निजल्यासारखी पडली होती. "ऊठ बाळा, ऊठ. दूध घेऊन आले," उत्तरा म्हणाली. मग आणखी थोडं म्हणाली. पंत उंबरठ्यात उभे होते. ते शब्द त्यांच्या कानात जे रुतले ते रुतले. पुढे नवराबायकोत त्या पहाटेचा विषय पुन्हा निघाला नाही. तो निघायचा होता तो काचेवरच्या राणीच्या तोंडून निघाला, आणि उत्तराला न विचारता निघाला.

पहिला खेळ कल्याणात झाला, आणि तो पडला. गोपीनाथचा हात देवादिकांवर बसलेला होता. माणसं आणि जनावरं त्याला साधत नसत. लग्नाच्या मिरवणुकीतला हत्ती त्यानं असा काढला होता की सोंड पुढच्या पायात मिसळून गेली होती आणि कान शिंगांसारखे मागे वळले होते. प्रधानाचे दोन्ही हात डावे. कल्याणची मंडळी खो खो हसली. एका शास्त्रीबुवांनी बाहेर पडताना पंतांच्या खांद्यावर हात ठेवून "पुराणं काय थोडी आहेत?" एवढंच विचारलं. श्रीपादनं काचा पेटीच्या तळाशी टाकल्या.

पुढे बाळकूमला एका आख्यानाची काच तडकली. वेळ मारून नेण्यासाठी श्रीपादनं मेघावती लावली. हत्ती पडद्यावर आला आणि पोरं ओरडली, "म्हैस! म्हैस!" राणीचं लग्न लागलं तेव्हा कुणा म्हातारीनं हात जोडले आणि ओच्यातले चार तांदूळ पडद्यावर टाकले. प्रधान आला तसं कुणी तरी हाळी दिली, "डावऱ्या आयला रं!" आणि मग राणीचं लेकरू गेलं. पंत थांबत थांबत म्हणाले, "ऊठ बाळा, ऊठ. दूध घेऊन आले."

अंधारातून धाकूचा आवाज आला, "म्हशीचं!"

आणि सगळं पटांगण हसून लोळलं.

त्या दिवसापासून मेघावतीला भक्त लाभले. श्रीपादचा कंदील कुठंही लागो, डोंबिवलीला, कळव्याला, थेट कल्याणला, ही माणसं चालत यायची. आता प्रत्येक जण तांदूळ घेऊन यायचा आणि राणीच्या लग्नात पडद्यावर अक्षतांचा पाऊस पडायचा. प्रधानाचं वाक्य पंतांच्या आधी लोकच म्हणायचे. दुसरं आख्यान लावलं तर "म्हैस काडा! म्हैस काडा!" असा गिल्ला व्हायचा. आजूबाजूच्या गावांत त्यांना 'म्हशीवाले' असं नावच पडलं होतं, आणि ते त्यांना भूषण वाटे. आपल्या पोरीच्या लग्नात एकानं म्हणे भटजींकडे मेघावतीची मंगलाष्टकं मागितली होती.

श्रीपाद खूश होता. गोपीनाथही खूश होता. त्याला वाटे, आपला हत्ती लोकांना फार आवडला. पंत तेवढे प्रत्येक खेळात त्या एका वाक्याशी येत, वाक्य बोलत, आणि मागून येणाऱ्या त्या एका शब्दासाठी मान खाली घालून उभे राहत. वाक्यानंतर थोडं थांबायची त्यांना सवयच लागून गेली होती, कारण पुढचं काही बोललं तरी ते हशात बुडून जाई. ते बोलत तरीही. ओठांतल्या ओठांत. ते कुणीही कधी ऐकलं नव्हतं.

*

त्या संध्याकाळी माजिवड्याला खेळ सुरू झाला. पंत पडद्याच्या कडेला उभे होते. तिथून त्यांना पडद्याच्या उजेडात बसलेल्या बायका दिसत. विमलाबाईंनी पुढे सतरंजी अंथरून घेतली होती, पण अंधार पडल्यावर गावच्या बायका सरकत सरकत सतरंजीला येऊन भिडल्या होत्या. उत्तरा कडेला होती. तिच्याशेजारी धाकूची बायको रंगूबाई मांडी घालून बसली होती, मांडीवर तापाची पोर.

हत्ती आला. "म्हैस! म्हैस!" उत्तरा दचकली आणि तिनं विमलाबाईंकडे पाहिलं. विमलाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. लग्न लागलं, तांदूळ उडाले. प्रधान आला, लोकांनी त्याचं वाक्य त्याच्याआधी म्हणून टाकलं. पंत आपले बोलत राहिले. आवाज चिरकत होता. रानातला देखावा आला, आणि मग ती काच आली. गोपीनाथनं ती मात्र बरी काढली होती. झाडाखाली निजलेलं लेकरू आणि त्याच्यावर वाकलेली राणी.

गाळावं, असं पंतांच्या मनात आलं. सरळ पुढच्या वाक्यावर जावं. पण माणसाचं तोंड सवयीचं गुलाम. शब्द बाहेर पडले.

"ऊठ बाळा, ऊठ. दूध घेऊन आले."

उत्तरा ताठ झाली. एवढंच त्यांना दिसलं. ती ताठ झाली आणि तिचा हात सतरंजीवर काही तरी चाचपू लागला.

"म्हशीचं!" धाकू गरजला.

हास्याचा लोट आला आणि त्यात कोण हसतंय, कोण नाही, काही दिसेना. उजेड हलला तेव्हा रंगूबाईचं डोकं उत्तराच्या कानाशी होतं, आणि ती तिला काही तरी सांगत होती.

खेळ संपल्यावर हरिहरांनी "छान, छान" म्हटलं आणि गाडी जोडायला सांगितली. उत्तरा गाडीत बसली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिहर कोर्टात गेल्यावर पंत त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत आले. उत्तरा तांदूळ निवडत बसली होती. पंत खांबाला टेकून उभे राहिले. पोरवयात पंतोजींपुढे उभे राहावं तसे.

"बसावं की," ती म्हणाली.

पंत बसले.

"ते शब्द माझे होते," उत्तरा म्हणाली.

"हो."

"माझी बोलणी अशी चव्हाट्यावर मांडायची होती, तर निदान मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं नको." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मला वाटलं होतं, त्या पहाटेचं इकडून सगळं विसरून जाणं झालंय. कधी नाव नाही तिचं, कधी डोळ्यांत पाणी नाही. शाळेतली पोरं काय, आख्यानं काय. मी म्हणायची, पुरुषांचं बरं असतं."

पंत अंगणातल्या अळवाकडे बघत राहिले.

"त्या माणसाचा मला फार राग येतो," शेवटी ते म्हणाले. "धाकूचा. इतकी वर्षं झाली. दर खेळाला. एखादे दिवशी पुढं होऊन त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटतं. आणि काल तू तिथं..."

"त्याची बायको माझ्याशेजारी होती."

"पाहिलं मी."

"मला आवरेना. पदराचा बोळा तोंडात घातला तरी आवरेना. तिनं माझा हात धरला आणि म्हणते कशी, 'रडू नको बाय, आता म्हैस येल.'" उत्तरानं सूप खाली ठेवलं. "मला वाटलं, ही बाई वेडी आहे. आणि तेवढ्यात तो ओरडलाच."

"आणि मग?"

"मग ती सांगायला लागली. बाळकूमला पहिल्यांदा हा खेळ झाला ना, त्याच्या आधी महिनाभर त्यांचा मुलगा गेला होता. चालता बोलता. ती जेवत नव्हती, बोलत नव्हती, नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. नवऱ्यानं बळंच उठवून खेळाला आणली. आणि पडद्यावर बघते तो हे. म्हणाली, 'माजा उर फुटाया आयला. मी आता वराडनार, मानसांत, समद्यांम्होरं. तवा ह्यो वराडला.'"

पंतांनी तोंड वर केलं.

"तिच्या हुंदक्याला आवाज फुटायच्या आधी यानं आवाज केला," उत्तरा म्हणाली. "जे सुचलं ते ओरडला. सगळे हसले. तिलाही हसू आलं. मुलगा गेल्यावर पहिल्यांदा हसली म्हणे. घरी जाऊन जेवली. तेव्हापासून तो तिला घेऊन दर खेळाला येतो. ती म्हणते, 'रडू त्याच जाग्याला येतंय, आनि त्याच जाग्याला हसू येतंय. दुसरीकडं कुटं येत नाय.'"

अंगणात कावळा उतरला. उत्तरानं त्याला हात करून हाकललं.

"मग एवढ्या मोठ्यानं कशाला ओरडायचं," पंत म्हणाले. पण त्या म्हणण्यात आता जोर नव्हता. इतकी वर्षं सांभाळलेला राग एकदम कुणी हातातून काढून घेतला, की रिकाम्या हातांचं काय करावं हे जसं कळत नाही, तसं त्यांना झालं. राग होता तेव्हा निदान टेकायला तरी काही होतं.

"मी तिला सांगितलं," उत्तरा हळूच म्हणाली. "सुमीचं. कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते त्या परक्या बाईला अंधारात सांगून बसले. आणि घरी आल्यावर आठवलं, की तिनं हात धरला होता आणि मी शिवाशिवीची अंघोळ केलेली नाही."

"मग केलीस?"

"नाही," उत्तरा म्हणाली आणि तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

तिनं ते चित्र काढून टाका असं म्हटलं नाही. ठेवा असंही म्हटलं नाही. पुन्हा ती खेळाला आली नाही. पंत आपले श्रीपादच्या मागोमाग गावोगाव जात राहिले. ते वाक्य आलं की आता ते मान खाली घालत नसत. अंधारात धाकूची आणि त्याच्या शेजारी रंगूबाईची आकृती शोधत. धाकू ओरडे. पंतांना हसू येत नसे, रागही येत नसे. दमलेला माणूस दुसऱ्या दमलेल्या माणसाला वाटेत भेटावा आणि दोघांनी नुसती मान हलवून पुढं जावं, तेवढंच.

एकदा कळव्याला खेळ संपल्यावर धाकू स्वतःच जवळ आला. "पंत, आवाज बसला तुमचा. मदाचं बोट लावीत जा." पंतांना त्याला काही तरी सांगायचं होतं. पण ते "हो, लावीन" एवढंच म्हणाले.

*

पुढच्या वर्षी मुंबईत गाठीचा ताप आला आणि तिथून तो खाडी ओलांडून ठाण्याला, कल्याणला आला. चार माणसं एकत्र जमायची चोरी झाली. घरांवरची कौलं उतरवून आत ऊन सोडू लागले. आजारी माणसाला गावाबाहेरच्या झोपड्यांत नेऊ लागले. माणसं शेजाऱ्याच्या खोकल्याला घाबरू लागली. कंदिलाचा खेळ कोण बघणार! श्रीपाद कंदील पेटीत घालून बायकापोरांसह नाशिककडे आपल्या मामाच्या गावी निघून गेला, तो परतला नाही. गोपीनाथ त्या झोपड्यांतच वारला. कल्याणात त्याला खांदा द्यायला माणसं गोळा करावी लागली. पंत त्यांतले एक होते.

उत्तरा आणि पंत वाचले. कसे वाचले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. साथ ओसरल्यावर पंतांनी ओटीवर पुन्हा चार पोरं गोळा केली आणि पाढे घोकून घ्यायला सुरुवात केली. आवाज आता ओटीच्या पलीकडे जात नव्हता.

उन्हाळा चढत होता. हरिहरांना बघायला दोघं ठाण्याला आली होती. दुसऱ्या दिवशी उत्तरा म्हणाली, "त्या बाईची काही खबर लागते का बघून यावं."

"कोणत्या?"

"इकडे माहीत आहे कोणत्या."

पंत सकाळीच निघाले. माजिवडं ओलांडून ते बाळकूमच्या वाटेला लागले. गावात बरीच घरं अजून उघडी बोडकी होती; नवी कौलं घालायला माणसं उरली नव्हती. एका म्हाताऱ्यानं मिठागराकडे बोट दाखवलं.

मिठागर उन्हात नुसतं झगझगत होतं. खाडीच्या कडेला चौकोनी वाफे, त्यांच्यात पांढरी कवची धरलेलं पाणी, आणि मधून मातीचे बांध. बायका फळ्यांनी मीठ ओढून बांधावर ढीग लावत होत्या आणि पाट्या भरून डोक्यावरून होडीकडे नेत होत्या. रंगूबाईनं पंतांना लांबूनच ओळखलं. ती वाफ्यातून वर आली आणि बांधावर, चार हात अंतर राखून, उभी राहिली. कपाळ मोकळं होतं.

"दोगंबी गेली," रंगूबाईच म्हणाली. "पोर आदी. मंग ह्यो. पोरीला झोपडीत नेली तर तिच्यासंगं गेला. म्हनला, एकली कशी ऱ्हाल? मंग तोबी तिकडंच ऱ्हायला."

पंत खाली बघत राहिले. बांधाच्या कडेला खारं पाणी सुकून पापडी धरली होती.

"बाय बरी हाय?" तिनं विचारलं.

"बरी आहे. तिनंच पाठवलं मला."

"तिला सांगा, मी काम करतंय. जेवतंय."

"सांगतो."

पंत जायला वळले. मग रंगूबाई म्हणाली, "पंत, ते म्हना ना."

"काय?"

"राणीचं. पोराचं."

पंतांनी इकडे तिकडे पाहिलं. टळटळीत ऊन. ना पडदा, ना चित्र, ना अंधार. पलीकडच्या वाफ्यातल्या दोघी तिघी बायका फळ्या टेकून बघत होत्या. "माझा आवाज गेला ग आता," ते म्हणाले.

"जेवडा हाय तेवड्यात म्हना."

पंतांनी पागोटं सारखं केलं. भरजरी काही त्यांनी म्हटलंच नाही. सरळ तिथूनच सुरुवात केली.

"ऊठ बाळा, ऊठ. दूध घेऊन आले."

आणि सवयीनं ते थांबले.

खाडीवरून वारा येत होता. कुणी काही बोललं नाही. रंगूबाई पंतांकडे बघत नव्हती. ती होडीच्या दिशेला बघत होती, ओठ घट्ट मिटून. थांबणं लांबत गेलं. पंतांना वाटलं, आपल्यानं पुढं होणार नाही. मग ते पुढचं बोलले. इतकी वर्षं ओठांतल्या ओठांत बोललेलं, पहिल्यांदा कुणाला ऐकू जाईल असं.

"निवलं ग बाई दूध. नीज तू. मी पुन्हा तापवून आणते. तू नीज तोवर, मी पुन्हा तापवते."

पलीकडची एक बाई खाली बसली. रंगूबाईनं नाकाला पदर लावला, मग डोळ्यांना लावला, आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला. आवाज मात्र तिनं केला नाही.

"ह्ये कवा आयकलं नव्हतं," मग ती म्हणाली.

"हो," पंत म्हणाले.

लांबून मुकादमानं हाळी दिली. भरती लागत होती, होडी सुटायची होती. बायका घाईनं उठल्या आणि आपापल्या पाट्या उचलून निघाल्या. रंगूबाई खाली वाकली, तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि ढिगाशी भरून ठेवलेल्या पाटीच्या कडा धरल्या. ओलं मीठ, पाटी एकटीनं डोक्यावर चढवता येणार नव्हती. हात लावायला तिनं इकडे तिकडे पाहिलं. बाकीच्या बायका बांधाच्या टोकाला पोचल्या होत्या. पंतांकडे तिनं पाहिलं नाही.

पंत पुढं झाले. त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, वाकून पाटीच्या दुसऱ्या बाजूला दोन्ही हात घातले आणि म्हणाले, "हं, उचल."

खारं पाणी त्यांच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळलं. पाटी तिच्या डोक्यावर बसली. रंगूबाईनं मान सावरली, एक हात वर धरला, आणि ती अरुंद बांधावरून होडीकडे चालू लागली.